पोटावरची पट्टी

माझ्या मामानं आयुष्यात दोनच माणसांवर हात उचलला, आणि दोघंही त्याच लायकीची होती. मार मात्र त्यानं मोजता येणार नाही इतका खाल्ला. लहानपणी बापाचा, तरुणपणी मुकादमाचा, आणि पन्नाशी उलटल्यावर अशा लोकांचा, ज्यांचं त्यानं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त एक पट्टी ठोकली होती. शेवटचा मार जिवावरच उठला होता. त्यातून तो वाचला कसा ते मी सांगायला लागले की लोक आधी हसतात. हसू देत. मी तिथं होते, ते नव्हते.

मामाचं काम ऐकायला साधं आहे. स्टेशनात, दवाखान्यात, कॉलेजच्या जिन्याखाली ती मशिनं उभी असतात ना, नाणं टाकलं की थंड बाटली नाहीतर बिस्किटाचा पुडा देणारी, तशी दोनशेच्या वर मशिनं आमच्या कंपनीची आहेत. त्या प्रत्येकावर मशीन कुणाचं, नंबर काय आणि सापडलं तर फोन कुठं करायचा याची पट्टी लावणं, एवढंच त्याचं काम. वर्कशॉपात सगळे त्याला ठोक्या म्हणतात. मी मामा म्हणते, कारण तो माझा सख्खा मामा आहे. त्याच वर्कशॉपात मी मशिनं दुरुस्त करते आणि कंपनीची व्हॅन चालवते.

आता कपाटाएवढं मशीन कोण चोरणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं, पहिली चोरी बघेपर्यंत. दोन माणसं साखळी गुंडाळतात, साखळीचं दुसरं टोक ट्रकला, आणि ट्रकवाला गाडी दामटतो. भिंतीतले बोल्ट पोपडे घेऊन बाहेर येतात, काच फुटते, बाटल्या रस्त्यावर पसरतात. मध्ये कुणी रखवालदार आला तर त्याचीही काच होते. एका रखवालदाराचे पुढचे चार दात मी स्वतः झाडूनं गोळा केले आहेत, काचेत मिसळलेले. मग मशीन कुठंतरी आडबाजूला नेऊन पहारीनं फोडायचं, पेटीतली नाणी काढायची, आतलं थंड करणारं यंत्र विकायचं आणि उरलेला सांगाडा भंगारात द्यायचा. धंदा आहे तो. त्या धंद्यातल्या लोकांना माझ्या मामाचं नाव माहीत होतं.

तो प्रत्येक मशीनवर तीन पट्ट्या लावायचा. एक समोर, चिकटवायची, सगळ्यांना दिसेल अशी. ती चोर पहिल्या दहा मिनिटांत खरवडून टाकतात, आणि मामा म्हणायचा, टाकू देत, तेवढीच त्यांची खात्री पटते की काम झालं. दुसरी दाराच्या आतून, पत्र्याची. जरा डोकं असलेला चोर तीही उपटतो. तिसरी मशीनच्या पोटावर, म्हणजे अगदी तळाला, चार पायांच्या मधे. ती पितळेची असायची. एकेक आकडा ठशानं ठोकलेला, आणि चारी कोपऱ्यांत रिबिटं. मशीन उभं आहे तोवर ती कुणाच्या बापाला दिसायची नाही.

मालक त्यावरून चिडायचे. "अरे ठोक्या, मशीनच्या बुडाखाली कोण वाकून बघणार आहे? उंदीर वाचणार का?"

मामा शांतपणे म्हणायचा, "साहेब, चोरलेलं मशीन उभं नसतं. आडवं असतं."

आणि ते खरं होतं. त्या पोटावरच्या पट्टीनं अकरा मशिनं परत आणली. एक नाल्यात पालथं पडलेलं गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्याला सापडलं. एक तर दुसऱ्याच कंपनीचा रंग फासून रेल्वेच्या पुलाखाली धंदा करत उभं होतं. मामानं पोलिसांसमोर पहार लावून ते आडवं पाडलं आणि पट्टी दाखवली. समोरच्या माणसाचा चेहरा उतरला, आणि लगेच त्यानं मामाच्या पोटात गुडघा घातला. पोलिसांच्या देखत. मामा दोन दिवस वाकून चालत होता, पण चेहऱ्यावर असं समाधान होतं की मामी म्हणाली, "यांना कुणी लग्नातसुद्धा एवढं खूश पाहिलं नसेल."

पट्टीवर फोन नंबर मामीचा होता. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आधी तिथं कंपनीचा नंबर असायचा. एकदा एका शाळेच्या शिपायानं मैदानामागं सापडलेल्या मशीनसाठी तीन दिवस फोन केले. ऑफिसात कुणी उचलला नाही, कारण जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी आणि उरलेल्या वेळात कंटाळा. चौथ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी दगडांनी फोडून त्या मशीनचा चुरा केला होता. मामा त्या चुऱ्यापाशी उकिडवा बसून राहिला. त्या आठवड्यात त्यानं कुणाला न विचारता सगळ्या पट्ट्या बदलायला घेतल्या आणि प्रत्येकीवर मामीचा मोबाईल नंबर ठोकला. स्वतःचा का नाही, तर त्याचा उजवा कान बंद आहे. सायकलच्या कारखान्यात दांड्यांवर नंबर ठोकायला होता तेव्हा एक आकडा उलटा पडला म्हणून मुकादमानं कानाखाली वाजवली, ती कायमची. त्या मुकादमाला मामानं ठशांच्या पेटीनंच परत दिली. मी म्हटलं ना, दोन माणसं, त्यातला हा पहिला.

मामीला त्यानं सांगितलं ते पहिल्या शंभरेक पट्ट्या ठोकून झाल्यावर. मामीनं हातातलं झाकण फेकलं, ते दाराच्या चौकटीला लागून वाकलं. अजून वाकडंच आहे. पण नंबर काही बदलला नाही.

मग सुरू झाले फोन. चोरीचे नाहीत हो, ते वर्षाला तीन-चार. बाकीचे सगळे नाणं अडकलं म्हणून. समोरच्या पट्टीवर नंबर दिसतो, नाणं गेलेलं असतं, बाटली अर्ध्यात लटकलेली असते, माणूस पेटलेला असतो आणि मामीला शिव्या ऐकाव्या लागतात. मामी काय कमी आहे? पहिले काही दिवस तिनं शिव्यांना शिव्या दिल्या. मग तिला माझ्याकडून कळलं की खाली उजव्या बाजूला जोरात लाथ बसली की अडकलेली बाटली पडते. तेव्हापासून तिचं उत्तर ठरलं. फोन उचलायचा, पलीकडून "मशीन" हा शब्द ऐकायचा आणि म्हणायचं, "खालच्या बाजूला दोन लाथा घाला." की फोन बंद. भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता, कधीकधी दुपारच्या झोपेत डोळे मिटूनसुद्धा. एकदा डॉक्टरांकडून तिच्या तपासणीचा निकाल सांगायला फोन आला होता. त्यांनाही दोन लाथा घालायला सांगून बाई मोकळी.

मी मामाच्या घरात राहते ती कशी, हेही सांगते. नवरा मला पट्ट्यानं मारायचा. मी कुणाला बोलले नव्हते. एकदा मामा भेटायला आला तेव्हा मी चहाचा कप डाव्या हातानं दिला, कारण उजवा वर होत नव्हता. मामानं कप खाली ठेवला, उठला आणि आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला इतकं मारलं की शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. हा दुसरा. त्या दिवशी मी जी त्याच्याबरोबर निघाले ती आजतागायत तिथंच आहे. मामीनं एका शब्दानं विचारलं नाही. फक्त माझ्या पाठीला तेल लावताना म्हणाली, "तुझ्यावर तेवढी पट्टी लावायची राहिली बघ यांची. दुसऱ्या दिवशीच फोन आला असता."

तर मिशाळ.

पुलाखालच्या मशीनपाशी ज्यानं गुडघा घातला तो मिशाळचा धाकटा भाऊ. त्या पट्टीमुळं तो तुरुंगात गेला. मिशाळ म्हणजे त्या टोळीचा मुख्य. जाड मिशी, बारीक आवाज. एका सोमवारी सकाळी अकरा वाजता तो दोन माणसं घेऊन थेट वर्कशॉपात आला. मामा बाकावर पट्टी ठोकत होता, आणि बंद कान दाराकडं, त्यामुळं त्याला कळलंच नाही. मिशाळनं मागून केस धरले आणि त्याचं तोंड बाकावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नाक मोडल्याचा आवाज मला पलीकडच्या कोपऱ्यात ऐकू आला.

मी दोन हातांनी धरायचा मोठा पाना उचलला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. नवऱ्याच्या वेळी जे हात उठले नाहीत ते सगळे त्या पान्यात आले. मिशाळच्या कोपरावर घाव बसला आणि त्याचा हात नको त्या बाजूला वाकला. तो बाईसारखा किंचाळला म्हणणार होते, पण आम्ही बायका मार खाताना एवढा आवाज करत नाही. त्याची माणसं माझ्यावर धावली, एकानं मला भिंतीवर फेकलं. तोवर बाकीचे कामगार हातात येईल ते घेऊन आले आणि ते पळाले. दारातून मिशाळ माझ्याकडं नाही, मामाकडं बघून म्हणाला, "ज्या हातानं ठोकतोस ना, तो हात आधी. मग तू."

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. मालक म्हणाले, जपून राहा. मामी रात्रभर झोपली नाही आणि सकाळी म्हणाली, "अहो, सोडा ते काम. घरात बसा. मी बघते कसं चालवायचं ते."

मामाच्या नाकावर ही मोठी पट्टी. तो म्हणाला, "एकशे सत्तर झाली. साठ राहिलीत."

"साठ मशीन मोठी की तुम्ही?"

"मी कुठं चोरीला जाणार आहे?" मामा म्हणाला. मामी उठून आत गेली.

पुढचे पंधरा दिवस मी त्याला एकटं कुठं जाऊ दिलं नाही. व्हॅन मी चालवायचे, तो शेजारी ठशांची पेटी मांडीवर घेऊन. तो मशीन आडवं करून ठोकायचा, मी पाना घेऊन उभी. त्याला ते आवडत नव्हतं. माझं सारखं "मामा, आवर", "मामा, मागं बघ" चालायचं. दोघंही चिडके, शेवटी व्हायचं तेच झालं. एके दिवशी सकाळीच आमचं वाजलं. क्रीडा संकुलातल्या मशीनची पट्टी राहिली होती. संकुल शहराबाहेर, दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. मी म्हटलं, उद्या जाऊ, आज व्हॅनचा ब्रेक नीट नाही. तो म्हणाला, बसनं जातो. मी म्हटलं, तुला काही झालं तर मामीला मी काय सांगू? तो म्हणाला, तू मला सांभाळायला आली आहेस की मी तुला आणलंय?

ते मला लागलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "जा. मर तिकडं."

तो पेटी घेऊन गेला.

चार वाजले तरी आला नाही तेव्हा मी मोडक्या ब्रेकची व्हॅन घेऊन संकुलाकडं सुटले. आतल्या लांबलचक दालनात जिथं मशीन असायचं तिथं भिंतीत चार भोकं होती आणि खाली सिमेंटचा भुगा. भुग्यात मामाची एक चप्पल पडली होती. पेटी उघडी, ठसे फरशीभर विखुरलेले. आणि त्याचा हातोडा. हातोडा एका दगडी पायरीवर ठेवलेला होता, मुद्दाम, कुणाला तरी दिसावा असा. त्याच्या तोंडाला रक्त आणि कातडं चिकटलं होतं, आणि पायरीवर अंगठ्याचं एक नख.

मी तिथंच बसले आणि ठसे गोळा करायला लागले. शून्य ते नऊ. का ते मला आजही माहीत नाही. नऊ सापडत नव्हता म्हणून मी रडत होते, असं संध्याकाळी कामावर येणाऱ्या संकुलाच्या पहारेकऱ्यानं नंतर सांगितलं.

पोलीस आले. त्यांनी मिशाळच्या घरी धाड घातली. तो नव्हता. त्याच्या एका माणसाला उचललं, त्याला बडवलं, पण तो एवढंच म्हणत राहिला, मशीन नेलं, म्हातारा कुठं ते ठाऊक नाही. रात्र गेली. सकाळी मी आणि मामी स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो होतो, मधे टेबलावर मामीचा फोन. पोलिसांनी सांगितलं होतं, फोन मोकळा ठेवा, कुणी काही मागेल. त्यांना काही हवं असतं तर एव्हाना फोन आला असता ना? कुणी काही मागत नव्हतं. मामीनं वेणी घातली नव्हती. तिच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि मी तिला वेणीशिवाय कधी बघितली नव्हती.

माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. जा, मर तिकडं. ते मी मामीला सांगितलं नव्हतं.

फोन वाजायचा. आम्ही दोघी दचकायचो. "बाटली अडकली." "दोन लाथा घाला." परत वाजायचा. "नाणं गिळलं हो तुमच्या मशीननं." "दोन लाथा घाला." मी म्हटलं, मामी, मी घेते फोन. तिनं दिला नाही. तिला वाटत होतं, त्या लोकांचा फोन आला तर तो तिनंच उचलायला हवा.

साडेअकराच्या सुमाराला एक फोन आला. पलीकडं इतका घरघराट होता की मलाही ऐकू येत होता. कुणीतरी ओरडून बोलत होता. मामीनं कपाळाला हात लावून ऐकलं. तिचे डोळे मिटत होते. त्या गोंगाटातून तिला "मशीन" तेवढं ऐकू आलं, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "खालच्या बाजूला दोन लाथा घाला." तिनं फोन ठेवला.

मी म्हटलं, "कोण होतं?"

"मशीनचंच."

"मामी, दुकानात एवढा आवाज नसतो. स्टेशनातही नसतो. काय म्हणाला तो?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. मग फोनकडं. "तो म्हणाला, तोडू का," ती म्हणाली. "तोडू का म्हणाला बहुतेक. पट्टीवर लिहिलंय ना, तोडण्याआधी फोन करा."

पोटावरच्या पट्टीवर नंबराच्या वर हेच शब्द असतात, आणि फक्त तिच्यावरच. मी फोन हिसकावला. त्या नंबरावर लावला, तर व्यस्त. परत लावला, व्यस्त. आम्हाला काय माहीत, तो माणूसही तेव्हा आम्हालाच लावत होता. मामी टेबलाची कड धरून उभी होती, आणि मी फोनला शिव्या घालत होते. शेवटी मी हात मागं घेतला आणि त्याच क्षणी तो वाजला. या वेळी पलीकडं घरघराट नव्हता. सगळं शांत होतं, फक्त एका माणसाचा श्वास.

"बाई," तो म्हणाला, "मी भंगारच्या यार्डातला क्रेनवाला. तुम्ही सांगितलंत तशा दोन लाथा घातल्या. आतून कुणीतरी परत लाथ घातली."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मामी फोनमध्ये ओरडत होती, हात लावू नका, कुणी हात लावू नका. मी पोलिसांना फोन करत जिना उतरत होते. त्या व्हॅनला ब्रेक नव्हता आणि मला तो लागलाही नाही.

यार्ड म्हणजे पत्र्यांचे डोंगर, आणि मधोमध प्रेस. प्रेस म्हणजे अख्खी मोटार दाबून पेटीएवढी करणारं यंत्र. प्रेसच्या तोंडाशी आमचं मशीन पालथं पडलं होतं, पोट माझ्याकडं, आणि पोटावर पितळेची पट्टी, ती माणसं यायच्या आधी मामानं ठोकून ठेवलेली. रांगेत त्याच्या पुढं दोन फ्रिज होते, ते दाबून झाले होते. क्रेनवाला, काळाकुट्ट दांडगा माणूस, मशीनशेजारी गुडघ्यांवर बसून आत बोलत होता, "आलेत हां तुमचे लोक, आलेत." नंतर त्यानं सांगितलं की पंजानं मशीन उचलून प्रेसवर नेताना ते त्याच्या केबिनच्या काचेसमोर फिरलं आणि उन्हात पट्टी चमकली. तिथं दिवसाला दोनशे वस्तू उचलतात, पण त्यावर वाचायला काही नसतं. त्यानं वाचलं, मशीन खाली ठेवलं आणि फोन केला. मामीनं सांगितलं ते त्याला विचित्र वाटलं, पण मालकीणबाई सांगतायत तर असेल काही पद्धत, म्हणून इंजिन बंद करून उतरला आणि दोन लाथा घातल्या. इंजिन चालू असतं तर त्याला काही ऐकू आलं नसतं.

कुलपात किल्ली मोडून टाकलेली होती. मी आणि क्रेनवाल्यानं मशीन कुशीवर वळवलं आणि दाराला पहार लावली. पत्रा फाटत गेला तसा आतून वास आला, रक्ताचा आणि मुताचा. आतलं सगळं काढून टाकलेलं होतं, नुसता खोका, आणि त्यात मामा गुडघे हनुवटीला लावून घडी घातल्यासारखा. हात मागं बांधलेले, पायही बांधलेले. तोंडाला चिकटपट्टी. मोडलेलं नाक पुन्हा मोडलेलं. मागच्या जाळीतून हवा येत होती म्हणून जिवंत. उजवा हात बघितला आणि मी दुसरीकडं बघितलं. बोटं होती पाची, पण ती बोटांसारखी दिसत नव्हती.

तेवढ्यात यार्डचा मालक मागून म्हणाला, "आम्ही आत बघत नाही हो ताई, आम्ही माल घेतो, सकाळी एका मिशीवाल्यानं आणून टाकला." माझ्या हातात पहार होती. मी वळले आणि त्याच्या नडगीवर घातली. तो खाली बसला. क्रेनवाल्यानं मला मागून धरलं नसतं तर दुसरीही बसली असती. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

मी मामाच्या तोंडावरची पट्टी सोडवली, हळूहळू, कारण खाली ओठ फाटलेले होते. त्यानं हवा ओढली. एक डोळा सुजून बंद, दुसरा किलकिला.

"गेलो होतो," तो म्हणाला. आवाज म्हणजे नुसती खरखर. "तिकडं. पण मेलो नाही बघ."

मी त्याच्या पायावर डोकं ठेवून जी रडले ती पोलीस आले तरी थांबले नाही. क्रेनवाल्याचा फोन चालूच होता. मामी तिकडून विचारत होती, काय झालं, बोला की कुणीतरी. मी फोन मामाच्या डाव्या कानाला लावला, चांगल्या.

"अहो," मामी म्हणाली.

मामा म्हणाला, "लाथा घालायला तूच सांगितल्यास होय? पाठीत बसल्या. मी झोपलो होतो."

झोपला नव्हता तो. डॉक्टर म्हणाले, शुद्ध गेली होती, अजून तासभर गेला असता तर ती परत आली नसती. त्या दोन लाथांनी जागा झाला आणि बांधलेल्या पायांनी परत एक घातली.

मिशाळ आठवड्याभरात सापडला. दुसऱ्या गावात, त्याच वाकड्या कोपरावरून ओळखला. तो आत आहे. मामाचा उजवा हात मात्र परत मिळाला नाही. तीन शस्त्रक्रिया झाल्या. चमचा धरता येतो, हातोडा नाही. मिशाळनं म्हटल्याप्रमाणं केलं, हात आधी. फक्त त्याच्या पुढचं त्याला जमलं नाही.

आता पट्ट्या मी ठोकते. साठ राहिली होती, त्यातली मामानं केलेली धरून अठ्ठेचाळीस झाली. मामा शेजारी स्टुलावर बसतो, बंद कान भिंतीकडं करून, आणि सारखा बोलतो. खोल मार. तिरका पडला. तुझ्या हाताला काय मुंग्या आल्यात का. नऊचा ठसा नवीन आणावा लागला, तो त्याला मुळीच आवडत नाही. मी वैतागते, उलट बोलते, पण एक वाक्य मी आता कुणालाच म्हणत नाही, रागातसुद्धा.

मालकांनी परवा सांगितलं की ऑफिसात आता फोनसाठी वेगळी मुलगी ठेवली आहे, पट्टीवर तिचा नंबर घाला. मी मामीला सांगितलं. वाटलं, सुटले म्हणेल. मामी भाजी निवडत होती. म्हणाली, "नंबर माझाच राहील. त्यांना सांग." तेवढ्यात फोन वाजला. तिनं भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला. कुणाची तरी बाटली अडकली होती. मामीनं त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लाथ नका घालू," ती म्हणाली. "आधी दार वाजवा. कान लावून ऐका. मी थांबते."